फेलनबाईंच्या रोमची वेस

गंधार परचुरे दहावीनंतर इतिहासाच्या वाटेला गेला नव्हता. तरीही २०१७च्या दिवाळीत, डब्लिनमधल्या मराठी मंडळींच्या फराळाला, कागदी ताटल्यांच्या ढिगाशेजारी उभी असलेली मुलगी जेव्हा म्हणाली, "मी रोमच्या शेजाऱ्यांवर एम.ए. करतेय," तेव्हा तोंडात चकली असतानाच तो बोलून गेला, "अरे वा! इतिहास म्हणजे माझा जीव की प्राण."

"हो? कोणता काळ?"

"हाच. रोमच्या शेजाऱ्यांचा."

"म्हणजे सबाइन लोक की एत्रुस्कन?"

गंधारने चकली सावकाश चावून संपवली. "दोन्ही," तो म्हणाला.

ती मुलगी इतकी हसली की दोन ताटल्या खाली पडल्या. तिचं नाव भार्गवी खानझोडे, नागपूरची. हसू आवरल्यावर तिने त्याला सरळ विचारलं, "तुला यातलं काहीच येत नाही ना?" गंधार म्हणाला, "काहीच नाही." मग तिने पुढचा पाऊण तास, लाडू संपेपर्यंत, त्याला सगळं सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी दोघं कालव्याच्या कडेने फिरायला जाऊ लागले. गंधारचं ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला होतं आणि घर तिथून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे तो कालवा त्याने याआधी शेकडो वेळा पाहिला होता. पण त्याच्या पाण्यात टोपलीत घालून सोडलेली दोन जुळी बाळं आता त्याला दिसायला लागली.

"रोमुलस आणि रेमस," भार्गवी सांगायची. "लांडगीने दूध पाजलं, गुराख्याने वाढवलं. मोठे झाल्यावर गाव वसवायचं ठरलं. जागा कोणती, यावरून भांडण. म्हणे आकाशात पक्षी बघू, ज्याला जास्त दिसतील तो जिंकला. रेमसला सहा गिधाडं आधी दिसली, रोमुलसला बारा नंतर दिसली. आता आधीची मोजायची की जास्तीची?"

"टाय," गंधार म्हणायचा.

"टाय कसली! रोमुलसने नांगर धरला आणि गावाची वेस आखली. रेमसने ती हसत हसत ओलांडून दाखवली आणि जिवानिशी गेला. पण माझी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. गाव झालं, पण गावात नुसते बाप्ये. शेजारचे कोणी मुली देईनात. मग रोमुलसने जत्रा भरवली, सबाइन लोकांना बोलावलं आणि त्यांच्या मुली पळवल्या. ते चिडून लढायला आले, तर त्याच मुली मधे उभ्या राहिल्या. इकडे नवरे, तिकडे बाप. शेवटी रोमुलस आणि सबाइनांचा राजा एकाच गादीवर शेजारी शेजारी बसले. लोक म्हणतात रोम, रोम! अबे, रोम म्हणजे अर्धे शेजारीच होते!"

जोशात आली की भार्गवीची नागपुरी बाहेर यायची. गंधार त्या 'अबे'साठी वाटेल तितके राजे पाठ करायला तयार होता. पण जे खरं सांगायचं होतं, ते सांगायला त्याचं धाडस होत नव्हतं. दिवाळी गेली, नाताळ गेला, मार्चमध्ये अख्खा देश बर्फाखाली गाडला गेला, पाडव्यालाही बर्फच पडलं. गंधार आपला सबाइनांबद्दल प्रश्न विचारत राहिला.

आणि मग फेलनबाई आल्या.

मिस फेलन किलकेनीजवळच्या एका खेड्यात राहायच्या. त्या खेड्याचं नाव गंधारला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून आपण नुसतं गाव म्हणू. बाईंनी जन्मभर तिथल्या शाळेत लॅटिन शिकवलं होतं. आता ऐंशीला टेकल्या होत्या, तरी म्हाताऱ्यांच्या फुकट पासावर दर गुरुवारी रेल्वेने डब्लिनला येऊन भार्गवीसारख्या चार-पाच जणांना लॅटिन वाचायला शिकवत. एकवीस एप्रिल हा रोमचा वाढदिवस मानतात. तो दिवस बाई दरवर्षी गावच्या हॉलमध्ये केक कापून साजरा करत. यंदा तो शनिवारी आला होता आणि बाईंनी नुसत्या केकवर भागवायचं नाही असं ठरवलं होतं.

"यंदा वेस आखायची," त्या म्हणाल्या. "खरा नांगर. उजवीकडे गोऱ्हा, डावीकडे कालवड. रोमुलसने आखली तशी."

"आणि रोमुलस कोण होणार?" भार्गवीने विचारलं.

बाईंनी भार्गवीला न्यायला आलेल्या गंधारकडे पाहिलं. "हा भारतातला ना? मग याला बैलांची सवय असेल."

गंधार पुण्यात कोथरूडला वाढला होता. बैलाशी त्याचा आलेला सगळ्यात जवळचा संबंध म्हणजे पोळ्याला बाजारातून आणलेली मातीची जोडी. पण शेजारी भार्गवी उभी होती. "हो," तो म्हणाला, "थोडीफार."

*

अडचण अशी होती की गावात माणसाळलेला, दोरीने चालणारा तरुण गोऱ्हा एकच होता, मार्टिन डेलेनीचा मर्फी. तशी कालवडही एकच होती, कॉन ब्रेननची रोझी. दोघांनी आपापलं जनावर उन्हाळ्यातल्या प्रदर्शनासाठी तयार केलं होतं. मार्टिन आणि कॉन सख्खे शेजारी होते आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण बांध! तिकडे शेताच्या बांधाला 'डिच' म्हणतात आणि त्यावर काटेरी झुडपांचं कुंपण वाढवतात. मार्टिनने एकदा यंत्र लावून बांध साफ केला. साफ करताना तो फूटभर सरकला असं कॉनचं म्हणणं, आणि कॉनची नजर सरकली असं मार्टिनचं म्हणणं. पूर्वी त्या बांधात जाण्यायेण्यापुरतं एक खिंडार होतं. कॉनने तिथे जुना लोखंडी पलंग आडवा लावून ते बंद करून टाकलं. तेव्हापासून चर्चमध्येही एक डावीकडे बसायचा आणि एक उजवीकडे.

"बांधाचं भांडण!" ऐकल्यावर भार्गवी खूश झाली. "आमच्या काकांचं असंच चालू आहे. मला वाटलं होतं, इथे लोक वेगळं काहीतरी भांडत असतील."

"मग हे दोघं एकत्र कसे येणार?" गंधारने विचारलं.

"येणार नाहीत," फेलनबाई शांतपणे म्हणाल्या. "मी मार्टिनला सांगितलंय, कालवड कार्लोहून येणार आहे. आणि कॉनला सांगितलंय, गोऱ्हा कार्लोहून येणार आहे."

"बाई, हे खोटं आहे."

"कार्लो इथून जवळ आहे. फार लांबचं खोटं नाही."

आता जनावरांची तालीम वेगवेगळी घेणं आलं. एका शनिवारी गंधार आणि भार्गवी मार्टिनकडे गेले. गावातल्या सुताराने जू करून दिलं होतं, हलकं पण भलं लांब. मार्टिनने त्याची उजवी बाजू मर्फीच्या मानेवर ठेवली आणि डावी बाजू हातात धरून विचारात पडला. मर्फी काळाभोर, वर्षभराचा, पण गंधारला तो जहाजाएवढा वाटत होता.

"याला शेजारी कोणीतरी असण्याची सवय व्हायला हवी," मार्टिन म्हणाला. "कालवड येईपर्यंत तूच उभा राहा."

"कुठे?"

"जुवाखाली. ग्रँड होईल सगळं."

आयर्लंडमध्ये तीन वर्षं काढल्यावर गंधारला एवढं कळलं होतं, की 'ग्रँड होईल' असं कोणी म्हणालं की तिथून निघावं. पण भार्गवीने कासरा हातात घेतला होता आणि ती त्याच्याकडे अशा नजरेने बघत होती की तो वाकला आणि जुवाखाली उभा राहिला. मर्फीने मान वळवून त्याचा वास घेतला. मग खरखरीत जिभेने त्याचा कान तळापासून टोकापर्यंत चाटला.

"आवडलास तू त्याला," मार्टिन म्हणाला.

त्यांनी शेताला तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत भार्गवी हसत होती, दुसरीत तिला हसून चालता येईना, तिसरीत ती बांधाला टेकून खाली बसली आणि कासरा मार्टिनला धरावा लागला. पुढच्या शनिवारी कॉनकडे रोझीची तालीम झाली. रोझी तांबूस, मोठ्या डोळ्यांची आणि हट्टी. तिच्या उजवीकडे गंधार. असं करत करत गंधारने गोऱ्ह्याची बायको आणि कालवडीचा नवरा या दोन्ही भूमिका पार पाडल्या. सोमवारी ऑफिसात त्याची मान वळेना. साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वीकेंडला नांगराला जुंपलं होतं." साहेबांना वाटलं, हा फार काम करतो. त्यांनी त्याला दुपारनंतर घरी पाठवलं.

*

एकवीस तारखेला ऊन पडलं. त्या वर्षीच्या लांबलेल्या थंडीनंतर सगळं गाव उन्हाला भेटायलाच आल्यासारखं फेलनबाईंच्या तिकोनी शेतात जमलं. बाईंचं शेत एका बाजूने मार्टिनच्या रानाला लागून होतं. तिथलं फाटक मर्फीला आणायचं म्हणून उघडं ठेवलेलं होतं. टेबलावर केक होता, त्यावर साखरेने रोमन आकड्यांत रोमचं वय लिहिलेलं, दोन हजार सातशे सत्तर. शाळेतली मुलं पुठ्ठ्याचे लांडग्याचे मुखवटे घालून हिंडत होती. भार्गवी आईची पांढरी, जरीकाठाची नागपुरी साडी नेसून सबाइन कन्या झाली होती. पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट.

गंधारने बाईंची पांढरी चादर अंगावरून घेतली होती आणि एक पदर डोक्यावर. वेस आखणाऱ्याने डोकं झाकायचं असतं असं बाईंनी बजावलं होतं. त्याने केकशेजारच्या किटलीत आपलं प्रतिबिंब पाहिलं. रोमचा संस्थापक वगैरे काही दिसत नव्हता. सत्यनारायणाला बसलेला यजमान पूजा सोडून चिखलात आला असावा, तसा दिसत होता.

"पुन्हा ऐक," बाई म्हणाल्या. "नांगर जमिनीत असेल तिथे वेस. वेस पवित्र. ती कोणी ओलांडायची नाही. पण माणसांना जायला-यायला वाट तर हवी. म्हणून जिथे दरवाजा हवा तिथे नांगर उचलून पलीकडे न्यायचा. उचलून नेणं म्हणजे लॅटिनमध्ये पोर्तारे, म्हणून दरवाजाला म्हणायचं पोर्ता. लक्षात राहील?"

"राहील."

"आणि दरवाजाशिवाय कुठेही मूठ सोडायची नाही. काही झालं तरी."

तेवढ्यात रस्त्याकडून कॉन रोझीला घेऊन आला आणि रानाकडून मार्टिन मर्फीला घेऊन आला. दोघांनी जनावरं धुऊन, विंचरून आणली होती. दोघंही टाय लावून आले होते. दोघं एकाच वेळी थांबले.

कॉनने बाईंकडे पाहिलं. "कार्लो?"

"कार्लो," बाई म्हणाल्या. "कॉन, बाईंशी बोलताना टोपी काढतात."

साठीच्या कॉनने टोपी काढली. दोघांनाही बाईंनी चौथी विभक्ती शिकवली होती, आणि दोघंही तिच्यात नापास झाले होते. शिवाय सगळं गाव बघत होतं. आधी कोण निघून जाणार? कोणीच गेलं नाही. ते आपले गंधारमार्फत बोलायला लागले.

"युअर मॅनला सांग, कालवड जरा पुढे घे," मार्टिन म्हणाला.

गंधारने मागे पाहिलं. आपला कुठला माणूस? मग त्याला आठवलं, इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो तिकडचा'. "कॉन, कालवड जरा पुढे."

"युअर मॅनला सांग, माझी कालवड बरोबर उभी आहे. गोऱ्हाच वाकडा आहे."

"मार्टिन, गोऱ्हा..."

"ऐकलं मी."

गोऱ्ह्याला आणि कालवडीला मात्र कसलंच वैर नव्हतं. मर्फीने रोझीच्या मानेवर हनुवटी ठेवली, रोझीने डोळे मिटले. जू चढलं, नांगर जोडला गेला, बाईंनी लॅटिनमध्ये काहीतरी खणखणीत म्हटलं आणि गंधारने मूठ धरली.

पहिलं तास असं सरळ निघालं की गंधारला स्वतःचाच अभिमान वाटला. काळी, ओली माती आतल्या बाजूला पडत होती, मर्फी आणि रोझी पावलाला पाऊल लावून चालत होती, लोक टाळ्या वाजवत होते. वळणावर त्याने नांगर उचलला, चार पावलं नेला, पुन्हा टेकवला. एक दरवाजा झाला. "शाब्बास!" भार्गवी ओरडली. दुसरी बाजूही झाली. गंधारच्या मनात आलं की आपल्यात हे होतंच. कोथरूडने उगाच दाबून ठेवलं.

आणि मग लांडग्यांची पाळी आली. संस्थापकाने तिसरी बाजू सुरू केली की लांडगीच्या आठवणीसाठी मुलांनी केकाटायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. पंचवीस मुलांनी मुखवटे वर करून, पोटात होता नव्हता तेवढा सगळा श्वास लावून बोंब ठोकली.

"आऊऊऊऊऊ!"

मर्फीने शेपूट वर केली. रोझीने त्याच्याकडे पाहिलं. दोघांचं काय ठरलं कोणास ठाऊक, पण पुढच्या क्षणी ती जोडी उघड्या फाटकातून मार्टिनच्या रानात शिरली होती आणि मागे नांगर, नांगरामागे गंधार, गंधारामागे चादर.

"सोड!" अर्धं गाव ओरडलं.

"सोडू नकोस!" फेलनबाई ओरडल्या.

गंधारने सोडलं नाही. बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे, बोटंच उघडत नव्हती म्हणून. नांगर कधी जमिनीत, कधी जमिनीवर. बूट चिखलात, एक बूट चिखलातच राहिला. आता मरणार, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं, आणि मरण्याआधी एक गोष्ट राहून जातेय हेही तितकंच स्पष्ट वाटलं.

"भार्गवी!" तो मराठीत किंचाळला. "थांबव यांना! मी वाचलो तर तुझ्याशी लग्न करीन! म्हणजे... तू करशील का?"

"काय म्हणतोय तो?" फेलनबाईंनी विचारलं.

भार्गवीचा चेहरा लालबुंद झाला होता. "संस्कृत मंत्र आहे," ती म्हणाली, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि धावत सुटली.

इकडे कॉनही धावला. त्याची कालवड होती ती! वाटेत गंधारने काढलेलं ताजं तास आडवं आलं. कॉनने ओलांडायला पाय उचलला.

"कॉन ब्रेनन!" बाईंचा आवाज बंदुकीसारखा उडाला. "वेस ओलांडायची नाही! रेमसचं काय झालं?"

कॉन जागच्या जागी थिजला, एक पाय हवेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गात उभा केल्यासारखा. "मारला गेला, मिस," तो म्हणाला.

"कोणी मारला?"

"भावाने, मिस."

मागून मार्टिन धापा टाकत आला आणि तोही तासाशी थांबला. त्याने त्या एका पायावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. पलीकडे रानात चादर फडफडत चालली होती. "अरे कॉन," तो म्हणाला, "रेमसला मरू दे! तिकडे रोमुलस मरतोय! दरवाजातून फिर, दरवाजातून!"

नऊ वर्षांतलं हे पहिलं वाक्य. ते ऐकायला दोघांपैकी कोणालाच वेळ नव्हता. दोघं नांगर उचललेल्या जागेवरून वळसा घालून, टाय खांद्यावर उडवत, बरोबरीने पळाले.

जोडी एव्हाना बांधाच्या खिंडाराशी पोचली होती. पलीकडे रोझीचं घर होतं आणि चारा होता. तिला आडवा लावलेला पलंग वगैरे दिसतच नव्हता. मर्फीने छातीने धक्का दिला, पलंग धाडकन जमिनीवर पडला, जोडी त्याच्यावरून टापा वाजवत गेली. आता नांगर पलंगाच्या गजांत अडकणार आणि आपण उडून कॉनच्या गोठ्यात पडणार, हे गंधारला दिसलं. त्याने डोळे मिटून, होती नव्हती तेवढी शक्ती लावून नांगर उचलला. कसा उचलला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. पलंग ओलांडून पलीकडे नांगर पुन्हा जमिनीत रुतला आणि वेस कॉनच्या कुरणात सुरू झाली.

"नट्स!" मागून कॉन बोंबलत होता. "कोणीतरी नट्स दाखवा तिला! नट्स दाखवले की थांबते!"

नट्स म्हणजे तिथे गुरांच्या खुराकाच्या गोळ्या. पण भार्गवीला ते कुठे माहीत? ती बांधाच्या कडेने जवळच्या वाटेने पुढे आली होती. गंधारची पाठपिशवी सकाळपासून तिच्याच खांद्यावर होती आणि त्यात त्याच्या आईने पुण्याहून पाठवलेलं खाऱ्या काजूंचं पाकीट होतं. तिने ते काढलं, फाडलं, आणि धावत येणाऱ्या जोडीच्या बरोबर समोर, दोन्ही पाय रोवून उभी राहिली. पाकीट डोक्यावर धरून खुळखुळवायला लागली.

"ए! थांबून राहा बे! कुठं चालले? थांबा म्हणलं ना!"

रोझीने कान टवकारले. पाकिटाचा आवाज ओळखीचा, वास नवीन. ती थांबली, म्हणून मर्फीला थांबावं लागलं, म्हणून नांगर थांबला. गंधार मात्र आणखी थोडा पुढे गेला आणि भार्गवीच्या बुटांशी येऊन पडला.

"वाचलास," भार्गवी म्हणाली.

"हो," जमिनीवरून गंधार म्हणाला. "ते मी मघाशी जे..."

पण तेवढ्यात मार्टिन आणि कॉन पोचले. रोझी शांतपणे भार्गवीच्या हातातून काजू खात होती आणि मर्फी आपल्याही वाट्याला काही येतं का, ते बघत होता. दोघा शेतकऱ्यांनी गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेतला. मग एकदमच सुरुवात झाली.

"तुझा गोऱ्हा आधी बिथरला!"

"तुझी कालवड त्याला घेऊन पळाली!"

"बांध तू सरकवलास म्हणून तर..."

"मग तुझा पलंग काय राष्ट्रीय स्मारक आहे?"

नऊ वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. यंत्र, फूटभर जमीन, कोणाच्या तरी लग्नाचं न मिळालेलं आमंत्रण, शेवाळ, एक कुत्रा. दोघं एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडत होते, आणि भार्गवीच्या लक्षात आलं की दोघांचेही डोळे चमकतायत. तोंडावर भांडायला मिळाल्याने त्यांना इतकं बरं वाटत होतं की मधे पडायची तिची छाती होईना. तरी ती पडली. मातीने माखलेली साडी सारखी करत ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई येतायत."

दोघंही गप्प झाले. फेलनबाई काठी टेकत रानातून येत होत्या, मागे सगळं गाव आणि लांडगे. बाई आडव्या पलंगाशी थांबल्या. त्यांनी अलीकडचं तास पाहिलं, पलीकडचं तास पाहिलं, मधली कोरी जमीन पाहिली.

"इथे नांगर कोणी उचलला?"

"मी," गंधार म्हणाला. "अडकला असता, म्हणून."

"का उचलला ते रोमला विचारायचं नसतं," बाई म्हणाल्या. "वेस या दोन्ही शेतांना धरून गेली आहे. आणि जिथे नांगर उचलला, तिथे काय?"

कॉन हळूच म्हणाला, "दरवाजा, मिस."

"मार्टिन?"

"पोर्ता, मिस."

"पहिल्यांदा उत्तर बरोबर आलं. आता दरवाजा करा."

त्यावर परत भांडण झालं, पण निराळं. मार्टिनच्या गोठ्यामागे एक लोखंडी फाटक पडून होतं. ते चालेल, पण उघडायचं कुठल्या बाजूला? कॉन म्हणाला आपल्याकडे, मार्टिन म्हणाला आपल्याकडे. शेवटी भार्गवीने सांगितलं, दोन्हीकडे उघडेल असं बसवा. दोघांनी तिच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि बिजागरी कशी हवी यावर डोकं लावून खाली बसले. बाईंनी चारा महाग म्हणून मोजक्याच पेंढ्यांची शेकोटी केली आणि रोमच्या गुराख्यांसारखं सगळ्यांना तिच्यावरून उड्या मारायला लावलं. गंधारने एका बुटावर उडी मारली. केक मोजून कापायचा होता. लांडग्यांनी तो मोजायच्या आधीच संपवला.

*

या सगळ्यात डब्लिनची शेवटची गाडी चुकली. आता गंधार आणि भार्गवी जेवणार आणि राहणार कुठे, यावर मार्टिन आणि कॉनचं पुन्हा जुंपलं. नांगर धरणारा आमच्याकडे, कारण शेत पहिलं आमचं! थांबला आमच्या शेतात, म्हणून आमच्याकडे! तोडगा असा निघाला की पहिलं जेवण मार्टिनकडे आणि दुसरं कॉनकडे. बाहेर अजून लख्ख उजेड होता. मार्टिनकडे उकडलेले बटाटे, भाजलेले बटाटे आणि बटाट्याचा लगदा झाला. भरल्या पोटाने दोघं पलंग ओलांडून कॉनकडे गेले, तर तिथे कॉनच्या बायकोने, ब्रीदाने, या तिन्हींशिवाय तळलेलेही केले होते.

गंधारची मान, पाठ आणि दोन्ही हात दुखत होते, आणि भार्गवी रानापासून त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. कदाचित तिला ऐकूच गेलं नसेल. कदाचित गेलं असेल, ते जास्त वाईट.

ब्रीदाने भार्गवीच्या ताटात आणखी एक बटाटा टाकला. "मगाशी हा पळताना काय ओरडत होता गं? फेलनबाई म्हणाल्या, प्रार्थना होती."

भार्गवीने काटा खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली. "मला लग्नाचं विचारत होता."

कॉनचा घास हातातच राहिला. "नांगरावरून?"

"नांगरावरून."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी अजून काहीच नाही म्हणाले."

सगळ्यांनी गंधारकडे पाहिलं. त्याच्या तोंडात अख्खा बटाटा होता. तो ना गिळता येत होता ना काढता येत होता. भार्गवी त्याच्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "दिवाळीपासून वाट बघून राहिली ना बे मी. तू सबाइनांचंच विचारून राहिला. मरायला टेकल्यावर विचारायचं सुचलं?"

गंधारने कसाबसा बटाटा गिळला. "म्हणजे हो?"

"म्हणजे हो. कान पूस आधी, माती आहे."

"काय म्हणाली? काय म्हणाली?" कॉन खुर्चीतून अर्धा उठला होता. पण गंधारला काही सांगायची गरजच पडली नाही. ब्रीदाने त्या दोघांचे चेहरे बघितले आणि भाषांतर स्वतःच करून टाकलं. तिने भार्गवीला इतक्या जोरात मिठी मारली की टेबल हललं. कॉन मागचं दार उघडून अंगणात गेला आणि बांधाकडे तोंड करून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "मार्टिन! अरे मार्टिन! ती हो म्हणाली!"

पलीकडच्या घराचं दार धाडकन उघडलं. मार्टिन पायांत बूट न घालताच निघाला होता, एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात बायको. पलंगाच्या गजांवरून दोघं कसेबसे अलीकडे आले. ब्रीदा तोवर गॅसवर आणखी बटाटे चढवत होती.